आयव्हीएफच्या फाइलमध्ये आजोळचं एक पान लावा

आयव्हीएफसाठी पहिल्यांदा येणाऱ्या जोडप्याच्या हातात बहुतेक वेळा जाड फाइल असते. सोनोग्राफी, एएमएच, थायरॉइड, नळ्यांचा एक्स-रे, वीर्यतपासणी, आधीच्या दवाखान्यांचे केसपेपर. गेल्या काही वर्षांत त्यात मायटोकाँड्रिया हा शब्दही यायला लागलाय. कुणाला महागड्या गोळ्या लिहून दिलेल्या असतात, कुणी विचारतं, "मॅडम, गर्भाची मायटोकाँड्रियाची टेस्ट केली तर नक्की राहील ना?" मी नाशिकमध्ये एम्ब्रियॉलॉजिस्ट म्हणून काम करते. तुमचं बोलणं डॉक्टरांशी होतं, पण तुमची बीजं आणि गर्भ पाच-सहा दिवस माझ्या नजरेखाली असतात. त्या जबाबदारीनं हे लिहिते आहे: या विषयात आधी काय करायचं, रिपोर्ट कसा वाचायचा आणि कोणत्या खर्चाला थांबा म्हणायचं.

पहिलं काम फुकट आहे. एक कोरा कागद घ्या आणि आजोळचं पान तयार करा.

आपला बहुतेक डीएनए पेशीच्या केंद्रकात असतो, निम्मा आईचा, निम्मा वडिलांचा. मायटोकाँड्रिया म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणारे कण. त्यांचा स्वतःचा छोटासा वेगळा डीएनए असतो, १६,५६९ अक्षरांचा आणि ३७ जनुकांचा, आणि तो फक्त आईकडून येतो. शुक्रजंतूच्या मानेजवळही मायटोकाँड्रिया असतात, ते बीजात शिरतातही, पण बीज त्यांना हेरून नष्ट करतं. म्हणजे तुमच्या बाळाचा हा डीएनए तुमचा, तुमच्या आईचा, तिच्या आईचा. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावं मिळतात, पण ती गाव आणि आडनावावरून, वडिलांच्या घराण्यानं चालतात. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून आमच्याकडे येणाऱ्या जोडप्यांना सासरचं गोत्र, कूळ, पणजोबांचं नाव सगळं पाठ असतं. आजीच्या आईचं नाव विचारलं की दोघंही एकमेकांकडे बघतात. ही साखळी दर लग्नात आडनाव बदलते, म्हणून ती विचारूनच लिहावी लागते, आणि विचारायला आजी, मावशी हयात असाव्या लागतात. म्हणून लवकर करा.

पान कसं करायचं

कागदाच्या तळाशी बाईनं स्वतःचं नाव लिहायचं, शेजारी सख्खी भावंडं. वरच्या ओळीत आई, मावश्या, मामा. त्याच्या वर आजी आणि आजीची भावंडं. मावश्यांची मुलं घ्या. मामा घ्या, पण मामांच्या मुलांची या साखळीत गरज नाही. त्यांच्या मायटोकाँड्रिया मामीकडून आलेल्या. प्रत्येक नावासमोर काय आजार आणि कितव्या वर्षी, एवढं लिहा. पोटात गेलेली, जन्मून दगावलेली बाळंही लिहा. जुन्या बायका ती आपणहून मोजत नाहीत, हळुवारपणे विचारावं लागतं.

प्रश्न घरातल्या भाषेत विचारा. कुणाला तरुणपणीच कमी ऐकू यायला लागलं का? इंजेक्शनांच्या कोर्सनंतर कान गेले असं कुणाबद्दल बोललं जातं का? आधीच्या पिढीत टीबीसाठी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं महिनोन्‌महिने दिली जात, त्यामुळे हा प्रश्न जुन्या माणसांना चटकन कळतो. अंगानं बारीक असूनही चाळिशीच्या आत साखर निघाली आणि त्याच माणसाला ऐकूही कमी येतं, असं कुणी आहे का? एखाद्या मामाची ऐन विशीत, काही न दुखता, आधी एका आणि मग दुसऱ्या डोळ्याची नजर गेली का? पापण्या खाली पडतात, थोडं चाललं की पायात त्राण राहत नाही, कमी वयात लकव्यासारखा झटका आला, चांगलं खेळणारं मूल तापानंतर मागे पडत गेलं, असं काही?

यातली एखादी गोष्ट सुटी असेल तर घाबरू नका. म्हातारपणीची साखर आणि म्हातारपणीचे कान घराघरांत आहेत. आईच्याच बाजूनं, एकाहून जास्त माणसांत, कमी वयात असं दिसलं, तर ते पान जनुकतज्ज्ञांना दाखवायचं. मुंबईत परळ भागात केईएम, वाडिया बाल रुग्णालय आणि आयसीएमआरची प्रजनन आरोग्याची संशोधन संस्था जवळजवळ आहेत. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसनं दादरला उतरून एका दिवसात जाऊन येता येतं. निघण्याआधी फोन करून जेनेटिक्सच्या ओपीडीचा वार विचारून घ्या.

इंजेक्शननं कान गेल्याची मात्र एकच घटना असली तरी ती फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेननं लिहा. मायटोकाँड्रियाच्या डीएनएत १५५५ क्रमांकाच्या जागी एक विशिष्ट बदल असलेल्या माणसांना स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन या गटातल्या औषधांच्या नेहमीच्या डोसनंही कायमचं बहिरेपण येऊ शकतं, आणि तो बदल आईकडून सगळ्या मुलांना जातो. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला की हीच औषधं सर्रास वापरली जातात. बाळ एनआयसीयूत ठेवायची वेळ आली तर त्या डॉक्टरांना हे आधी माहीत हवं. आयव्हीएफ यशस्वी होवो न होवो, एवढ्या एका ओळीनं कुणाचे तरी कान वाचू शकतात.

मामाच्या मुलीशी किंवा जवळच्या नात्यात लग्न झालं असेल तर तेही न संकोचता सांगा. तिथला धोका दुसऱ्या वाटेनं येतो. मायटोकाँड्रियाच्या स्वतःच्या जनुकांतून फक्त १३ प्रथिनं बनतात, बाकीची हजाराच्या वर प्रथिनं केंद्रकातल्या जनुकांवरून येतात. लहान मुलांतले बरेचसे मायटोकाँड्रियल आजार या केंद्रकातल्या जनुकांचे असतात, आणि आई-वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक अशी शक्यता राहते. मामाच्या मुलीच्या मायटोकाँड्रिया मामीकडच्या, म्हणजे नवऱ्याच्या आजोळच्या नव्हेत, पण केंद्रकातली सारखी जनुकं दोघांत असण्याची शक्यता जास्त. अशा घरात पान दोन्ही बाजूंचं करा.

आणि हे पान बाईनं आईजवळ किंवा मावशीजवळ बसून करावं, आपल्याच फाइलमध्ये ठेवावं. "तुझ्या आजोळचाच दोष" असं म्हणायला ते कुणाच्या हाती देऊ नका. मूल होत नसलेल्या घरात सुनेकडे बोट दाखवायला नवा शब्द मिळाला की तो वापरला जातो, हे मी पाहते आणि मला त्याचा त्रास होतो. पुरुषाच्या बाजूचं कारण, एकटं किंवा बाईच्या कारणाच्या जोडीनं, साधारण निम्म्या जोडप्यांत सापडतं. शिवाय वंध्यत्वासाठी येणाऱ्या बहुतेक बायकांच्या मायटोकाँड्रियाच्या डीएनएत कोणताही आनुवंशिक आजार नसतो.

रिपोर्ट आला तर

मायटोकाँड्रियाच्या डीएनएचा रिपोर्ट उघडला की बदलांची लांबलचक यादी दिसते आणि माणूस हादरतो. ही यादी एका ठरलेल्या क्रमाशी तुलना करून बनते. तो क्रम १९८१ साली केंब्रिजमध्ये वाचला गेला, १९९९ मध्ये दुरुस्त झाला, आणि तो युरोपीय वंशाचा आहे. आपण भारतीय त्याच्यापासून कित्येक जागी वेगळे असणारच. हॅप्लोग्रुप एम किंवा यू असं लिहिलेलं असेल तर ती वंशाची शाखा आहे, आजार नव्हे.

नजर टाकायची ती 'रोगकारक' असा शेरा असलेल्या ओळीवर आणि तिच्यासमोरच्या टक्क्यांवर. एका पेशीत या डीएनएच्या शेकडो-हजारो प्रती असतात. काही बदललेल्या, काही चांगल्या, अशी सरमिसळ असेल तर तिला हेटेरोप्लाझ्मी म्हणतात. बऱ्याच आजारांत बदललेल्या प्रती साठ ते ऐंशी टक्क्यांच्या वर गेल्या की त्रास दिसायला लागतो. बीज तयार होताना मोजक्याच प्रती पुढे जातात आणि त्यांच्याच वाढतात, त्यामुळे एकाच बाईच्या एका बीजात प्रमाण अगदी कमी आणि दुसऱ्यात खूप जास्त निघू शकतं. एक मूल ठणठणीत आणि पाठचं आजारी, याचं कारण हे. अशा वेळी गर्भाच्या पेशी तपासून कमी प्रमाण असलेला गर्भ निवडता येतो, आणि आपल्या २०२१ च्या एआरटी कायद्यात (आयव्हीएफसारख्या उपचारांचं नियमन करणाऱ्या) माहीत असलेल्या आनुवंशिक आजारासाठी ही तपासणी बसते. पण सगळ्याच प्रती बदललेल्या असतील, जसं नजर जाण्याच्या लेबर आजारात बहुधा असतं, तर सगळ्या बीजांत तेच असणार. तिथे निवडायला काही उरत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. साखर आणि बहिरेपण एकत्र आणणारा ३२४३ क्रमांकाचा बदल वयाबरोबर रक्तातून कमी होत जातो. संशय पक्का असेल आणि रक्तात काही सापडलं नाही, तर लघवीच्या नमुन्यावर तपासणी करायची का, हे विचारा.

मुलाकडून हा डीएनए पुढच्या पिढीत जात नाही, म्हणून "मग मुलगाच ठेवा" असं घरात कुणी सुचवलं तर तिथेच थांबवा. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानं, आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर गर्भधारणेच्या आधीही, अशी निवड बंद आहे.

प्रयोगशाळेत काय दिसतं, काय दिसत नाही

पिकअपच्या, म्हणजे बीजं बाहेर काढायच्या दिवशी फॉलिकलमधलं, म्हणजे बीज वाढतं त्या पिशवीतलं द्रव कोमट नळ्यांतून माझ्याकडे येतं. ताटलीत ओतलं की आधी बीज दिसत नाही, त्याच्याभोवतीचा चिकट, पारदर्शक पुंजका दिसतो. ताटली ३७ अंशांवर ठेवलेली असते. इक्सी, म्हणजे एकेक शुक्रजंतू सुईनं बीजात सोडायची पद्धत, करायची असेल तर एन्झाइमच्या थेंबात काही सेकंद, मग बारीक पिपेटमधून आत-बाहेर, आत-बाहेर, भोवतालच्या पेशी सुटेपर्यंत. बीज उघडं पडतं ते मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाएवढं. काठाशी एक छोटा गोल कण दिसला की बीज पक्व झालंय असं समजायचं. आतला भाग कधी नितळ असतो, कधी दाणेदार. मायटोकाँड्रिया मात्र वेगळ्या ओळखता येत नाहीत. त्या एका पेशीत त्यांच्या डीएनएच्या लाखाहून जास्त प्रती असतात, आणि रोजच्या कामाच्या सूक्ष्मदर्शकातून त्या मोजता येत नाहीत. "तुमच्या बीजात मायटोकाँड्रिया कमी होत्या" असं कुणी नुसतं बघून सांगितलं तर विचारा, कशावरून.

फलनानंतर पेशी दोनाच्या चार, चाराच्या आठ होत जातात, पण या डीएनएच्या नव्या प्रती ब्लास्टोसिस्टपर्यंत, म्हणजे साधारण पाचव्या दिवसाच्या गर्भापर्यंत, जवळपास बनत नाहीत. बीजानं बांधून आणलेली शिदोरीच सगळ्यांत वाटली जाते. म्हणून बीजाच्या मायटोकाँड्रियाला महत्त्व आहे, यात शंका नाही. बीजातली गुणसूत्रं नीट विभागायलाही ऊर्जा लागते. वय वाढलं की ही विभागणी चुकायला लागते, आणि चाळिशीनंतर बहुसंख्य गर्भांत गुणसूत्रं कमी-जास्त असतात. मायटोकाँड्रिया थकणं हा त्यातला एक धागा झाला. गुणसूत्रांना धरून ठेवणारी प्रथिनं झिजणं हा दुसरा. नेमका हाच एक धागा ओढून सगळं सोडवतो असं सांगणाऱ्यांपासून मला तुम्हाला सावध करायचंय.

गर्भाच्या बायोप्सीत मायटोकाँड्रियाचा डीएनए मोजायची तपासणी २०१५ च्या सुमारास पुढे आली. तेव्हाच्या अभ्यासांत जास्त डीएनए असलेले गर्भ कमी रुजताना दिसले होते. ताणाखालचा गर्भ जास्त ऊर्जा मागतो, असा त्यामागचा तर्क. दोनेक वर्षांत दुसऱ्या प्रयोगशाळांनी मोजलं तेव्हा तसा फरक त्यांना सापडला नाही. बायोप्सी पाचव्या दिवशी केली की सहाव्या, किती पेशी घेतल्या, मोजणी कशी केली, यावरही आकडा हलतो. चांगला दिसणारा, गुणसूत्रं ठीक असलेला गर्भ फक्त या आकड्यामुळे बाजूला ठेवावा, एवढा भरवसा त्यावर ठेवता येत नाही. तुम्हाला ही तपासणी सुचवली तर एवढं विचारा: "आमच्याकडे दोनच गर्भ आहेत. हा आकडा काहीही आला तरी तुम्ही दोन्ही ट्रान्सफर करणारच, म्हणजे गर्भाशयात सोडणारच असाल, तर त्याने बदलणार काय?" उत्तर समाधानकारक नसेल तर ते पैसे ट्रान्सफरसाठी ठेवा.

गोळ्यांचं म्हणाल तर कोएन्झाइम क्यू१० बद्दल थोडाफार आधार आहे. चीनमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बीजसाठा कमी असलेल्या तरुण बायकांना उपचाराआधी ६० दिवस रोज ६०० मिलिग्रॅम दिलं, तेव्हा बीजं आणि चांगले गर्भ जास्त मिळाले. मूल हाती येण्याच्या प्रमाणात ठाम फरक सिद्ध झाला नाही. डॉक्टरांनी लिहून दिलं आणि परवडत असेल तर घ्या. परवडत नसेल तर त्यासाठी गळ्यातलं काही मोडू नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते आधी सांगा. बाईच्याच बीजकोशातून घेतलेल्या मायटोकाँड्रिया बीजात टोचायची पद्धतही मध्यंतरी परदेशात गाजली होती. स्पेनमध्ये तिची नीट चाचणी झाली, फायदा दिसला नाही, म्हणून ती मागे पडली.

खरी तयारी तीन महिने आधीची. फॉलिकलची शेवटची वाढ जवळपास तेवढाच काळ घेते, शुक्रजंतू तयार व्हायलाही अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. दिंडोरी-निफाडकडची द्राक्षबागायतदार मंडळी मार्च-एप्रिलमध्ये माल जाऊन पैसे हाती आले की येतात. त्यांना मी सांगते, तयारी संक्रांतीपासूनच धरा. तंबाखू दोघांनीही सोडायची. मिश्री हीसुद्धा तंबाखूच आहे, आणि "मी काही खात नाही, फक्त मिश्री लावते" असं सांगणाऱ्या बायका मला नेहमी भेटतात. साखर आटोक्यात आणा, वजन जास्त असेल तर थोडं तरी उतरवा, झोप पुरी घ्या. बागेत फवारणी असेल तर त्या काळात हे काम दुसऱ्याकडे द्या, नाहीच जमलं तर मास्क आणि हातमोजे घालूनच करा. फिट येतात म्हणून व्हॅल्प्रोएट हे औषध चालू असेल तर ते नक्की सांगा. ते गर्भाला धोक्याचं असतं आणि काही मायटोकाँड्रियल आजारांत यकृतावर उलटतं. मनानं मात्र बंद करू नका. घरात असा आजार असेल तर पिकअपच्या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही ते पान दाखवा.

आजार खरोखर सापडला तर

'तीन पालकांचं बाळ' अशा बातम्या वाचून लोक विचारतात. आईचं केंद्रक दुसऱ्या बाईच्या निरोगी मायटोकाँड्रिया असलेल्या बीजात बसवायचं, अशी ही पद्धत. ब्रिटनने २०१५ मध्ये कायद्यानं तिला परवानगी दिली, ऑस्ट्रेलियाने २०२२ मध्ये. न्यूकॅसलच्या गटानं २०२५ च्या जुलैमध्ये अशा आठ बाळांची माहिती प्रसिद्ध केली. बाळं चांगली आहेत, काहींत बदललेल्या प्रती थोड्या प्रमाणात सापडल्या. हे सगळं गंभीर आजार असलेल्या कुटुंबांसाठी आहे. नुसत्या अपयशी आयव्हीएफसाठी ग्रीसमध्ये २५ जोडप्यांवर प्रयोग झाला, सहा मुलं जन्मली, आणि एका मुलात आईचाच मायटोकाँड्रियल डीएनए पुन्हा मोठ्या प्रमाणात वाढलेला आढळला. वय झालंय म्हणून हे करून देतो असं कुणी म्हणालं तर त्या वाटेला जाऊ नका.

आपल्याकडे व्यवहार्य मार्ग म्हणजे सरमिसळ असेल तर गर्भाची तपासणी, नाहीतर दात्या बाईचं बीज, किंवा कारा या सरकारी दत्तक संस्थेमार्फत दत्तक. बीजाचा विषय निघाला की घरातून हमखास सूचना येते: "परकं कशाला, धाकट्या बहिणीचं घेऊ." मायटोकाँड्रियल आजारात सख्खी बहीण, मावसबहीण, आई यांच्या बीजाचा उपयोग नाही, साखळी तीच. नवऱ्याच्या बहिणीची साखळी वेगळी असते, पण तिचं बीज नवऱ्याच्या शुक्रजंतूशी जोडायचा प्रश्नच येत नाही. तसंही कायद्यानुसार दात्याचं बीज नोंदणीकृत बँकेतूनच येतं: दाती २३ ते ३५ वर्षांची, आयुष्यात एकदाच दान करणारी, आणि तिच्याकडून सातपेक्षा जास्त बीजं घेता येत नाहीत. बँकेला तिच्याही आजोळची विचारपूस केली का, हे विचारायला विसरू नका.

दवाखाना निवडताना यशाचा आकडा विचाराल, तेव्हा नेमका विचारा. रक्ताची बीटा चाचणी पॉझिटिव्ह आली त्याला यश म्हणताय, सोनोग्राफीत ठोके दिसले त्याला, की बाळ घरी गेलं त्याला? माझ्या वयाच्या बायकांत किती? ट्रान्सफर झालेल्यांपैकी, की इंजेक्शनं सुरू केलेल्या सगळ्यांपैकी? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी असतात. यशाची शक्यता समजावून सांगणं ही कायद्यानं क्लिनिकचीच जबाबदारी आहे, त्यामुळे विचारताना ओशाळू नका. संमतिपत्र मराठीत मागा, आदल्या दिवशी घरी नेऊन वाचा, आणि मायटोकाँड्रियाच्या नावाची कुठलीही तपासणी किंवा इंजेक्शन पॅकेजमध्ये असेल तर त्याची किंमत बिलात वेगळी लिहायला सांगा. एआरटी कायद्याखालची नोंदणी आहे का ते बघा, आणि तक्रार निवारण कक्ष कोण सांभाळतं त्यांचं नाव पहिल्याच भेटीत टिपून घ्या.